डाव्या हाताची सही

माझ्या दीर्घायुष्याची इतकी काळजी
आजवर कुणी केली नव्हती.
अ‍ॅबर्डीनच्या माझ्या वकीलबाई, मिसेस अर्कहार्ट,
टेबलावर तक्ता पसरून म्हणाल्या,
इशबेल, तू एकोणऐंशीपर्यंत जगशील.
विमा कंपनीचा डॉक्टर म्हणतो, बासष्ट.
मूत्रपिंडं, शय्याव्रण, फुप्फुसं:
माझं मरण त्याने नीट परिच्छेद पाडून लिहिलंय.
मधली सतरा वर्षं वादात आहेत.
लवकर मेले तर मी स्वस्त पडते.

नववर्षाच्या रात्री आमच्याकडे म्हणतात,
तुझ्या धुराड्यातून धूर निघत राहो.
बाई त्याचा गुणाकार करत बसल्या होत्या.

फ्रेझरबरो. बंदरावरचा बर्फाचा कारखाना.
वरच्या फळीवर मी नळी ओढत होते,
खालच्या बोटीत बर्फ सोडायची.
कठड्याला टेकले, इतकंच.
चारांपैकी तीन बोल्ट गंजून पापड झालेले,
चौथा नव्हताच.
बर्फ वरून मऊ दिसतो.

छातीचा दहावा मणका.
बेंबीखाली मी आता ऐकीव माहितीवर जगते.
नर्स म्हणते, टाचेला जखम झालीय.
मी म्हणते, असेल.

दाव्यात प्रत्येक गोष्टीला भाव आहे.
हवेची गादी. कॅथेटर, दिवसाला पाच,
गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले जे काय उरलं असेल ते.
'वैवाहिक सुखाची हानी' हे कलम आलं
तेव्हा फर्गस उठला
आणि उकळून झालेली किटली पुन्हा लावायला गेला.

दोन दिवस समोरच्या गाडीत बसून
एक माणूस माझं चित्रीकरण करत होता,
मी चोरून उभी राहते का, ते बघायला.
मीही तेच बघत होते.

मग निघाली ती वही.
कठड्यांची साप्ताहिक तपासणी:
सहा आठवडे, सहा वेळा 'ठीक',
एकाच पेनाने, एकाच दमात,
अक्षरं डावीकडे झुकलेली.
कंपनी म्हणते, सही लागत नाही,
कुणाची ते सांगणं अवघड आहे.
बाईंनी पान माझ्या मांडीवर ठेवलं.
मांडीला कळलं नाही. मला कळलं.

डॉड कार्डनो.
शाळेत पुढच्या बाकावर बसायचा,
स्वतःच्याच मनगटाने शाई फासायचा, मार खायचा.
मी इस्पितळातून परतले
तेव्हा दारापुढचा उतार त्याने बांधून ठेवला होता.
तीन रविवार. पैशाचं नाव काढू दिलं नाही.
ओल्या सिमेंटात खिळ्याने तारीख कोरली होती,
डावीकडे झुकलेली.

त्याच्या खिशातून काही जाणार नाही, बाई म्हणाल्या,
विमा आहे. फक्त नाव सांगायचं.

आमच्या बोटींवर काही शब्द उच्चारत नाहीत.
डुक्कर. पाद्री. सामन मासा.
त्यात आणखी एक घालून
मी तीन आठवडे गप्प राहिले.

एका रात्री तीन वाजता
मला कुशीवर वळवताना
फर्गसची पाठ कटकन वाजली.
काही नाही, झोप, तो म्हणाला,
आणि पलंगाचा दांडा धरून किती तरी वेळ
तसाच वाकून उभा राहिला.
सकाळी मी फोन केला.

निकाल लागलाच नाही.
न्यायालयाच्या बोळात, कोट अंगात असतानाच,
त्यांनी आपसात मिटवलं.
आकडा सांगायचा नाही, असं लिहून दिलंय.
आयुष्याचंही मधोमध ठरलं: साडेसत्तर.
आता छताला झुला आहे, रात्रीला बाई येते,
फर्गस सरळ झोपतो.

डॉडला कामावरून काढलं.
दुकानात त्याची बायको माझ्या खुर्चीवरून
पलीकडच्या पावाकडे बघते.

पहिलं कडक दहिवर पडलं त्या पहाटे
खिडकीखाली खरखर ऐकू आली.
बोलावू का आत? फर्गस.
मी म्हटलं, किटली तरी ठेव.
त्याने दार उघडेपर्यंत कुणी नव्हतं.
उतारभर मीठ पसरलेलं,
डाव्या बाजूला जरा जास्त.